धामण

खुर्ची राजाची होती, न्यायाधीशाची होती,
नागपूरहून शिकून आलेल्या व्यसनी जावयाची होती.
चाळीस मंडया ती झाडीपट्टीच्या नाटकांत उभी राहिली,
पहाटेपर्यंत, थंडीत,
गॅसबत्तीपासून हॅलोजनपर्यंत.
त्याआधी म्हणे छोट्या लाइनच्या स्टेशनात
मास्तरच्या खोलीत बसून होती.

एका साली तिसऱ्या अंकात खलनायकानं लाथ मारली,
लिहिलेली नव्हती ती,
आणि पाठीची कमान कडकन तुटली.
लोकांनी टाळ्या वाजवल्या.

डोमाजी मिस्त्रीनं ती उलटी करून मांडीवर घेतली.
कुसू कुठंय? नाही.
खाच? नाही.
सरसाचा एक थेंब नाही.
सहा लाकडं, दहा इस्क्रू,
आणि बैठकीखाली परदेशी अक्षरांची एक चिठ्ठी,
वाळवीनं अर्धी वाचून टाकलेली.
"हे सुताराचं काम नाही बापा," तो म्हणाला,
"हे कोनं तरी लाकडाले झोपवून केलं."

तरी त्यानं सागाची फळी घेतली.
कमान आखली, वळण कापलं,
दोन दिवस रंधा, कानस.
तिसऱ्या दिवशी नुसती हातात तोलली
तर रेषेरेषेनं मोडली, बिस्किटासारखी.

पलीकडच्या अंगणात सकवारबाई बुरडीण
सुपाला कड बांधत होती.
मान वर न करता म्हणाली,
"कापलेलं वळन उसनं असते गा, मिस्त्री."

त्याला राग आला.
चार दिवस तो लांबच्या वाटेनं विहिरीवर गेला.

पाचव्या दिवशी मला रानात धाडलं.
कावडीचं लाकूड आन. धामनीचं. हिरवं.
गाठ नको, मनगटाहून जाड नको.
(साप नव्हे, झाड.
पण दोन्ही धामणी एकाच रानातल्या
आणि दोघींनाही सरळ राहण्याचा कंटाळा.)

आमच्याकडे उसन्या तांदळासाठी धान उकडत होतं.
आईच्या हंड्यात धानावर आडवी टाकली काठी,
वर ओलं पोतं, पोत्यावर पाट,
पाटावर फुटक्या जात्याची तळी.
सकवारबाई चुलीपाशी बसून वाफ हुंगत राहिली.
"कच्ची हाय."
"अजून."
"आता काढा!"

काढल्यावर वीस-पंचवीस श्वास,
तेवढाच वेळ लाकूड ऐकतं.
बंडीच्या जुन्या चाकाभोवती वळवायची.
पहिली बाहेरच्या अंगानं फाटली.
दुसरीही.
तिसरीत लपलेली गाठ निघाली.
चौथी अर्ध्यावर आली आणि माझ्या हातून सुटून
मिस्त्रीच्या कानफटात बसली.
सकवारबाई तोंडाला पदर लावून
दिवेलागणीपर्यंत हसत होती.

त्या रात्री मिस्त्रीनं आढ्याला टांगलेली
कापसाच्या गाठीची लोखंडी पट्टी उतरवली,
सकाळी पाचव्या काठीच्या पाठीवर आवळून बांधली.
बाहेरून ताणू द्यायचंच नाही तिला,
आतून दबू द्यायचं.
कुठं शिकला, विचारलं तर म्हणाला,
"बंडी वळते तवा आतला बैल हळू चालते."

एक टोक माझ्याकडे होतं.
तळहातावर अजून चट्टा आहे, नखाएवढा, पांढरा.
आणि वळली ती.
रवंथ संपवलेल्या गायीसारखा
एक सुस्कारा टाकून वळली.

पंधरा दिवस चाकाला बांधलेली, ओसरीवर.
मिस्त्री रात्री उठून दोऱ्या चाचपायचा.
मोडक्या चार काठ्या आईनं चुलीत घातल्या,
त्या साली आमच्या भाताला
रानाचा कडवट वास होता, कोणी तक्रार केली नाही.

मंडईत खुर्ची काळी, कमान तेवढी फिकी.
पॉलिश लावू दिलं नाही त्यानं.
सगळं गाव नायिकेकडे पाहत होतं,
आम्ही तिघं खुर्चीकडे.
तिसऱ्या अंकात खलनायक वळला, पाय उचलला,
"हात्त मुडद्या!" मागून सकवारबाई ओरडली.
लोकांना वाटलं नाटकातलंच.
त्यानं पाय खाली घेतला
आणि, हेही लिहिलेलं नव्हतं, बसला.
रेलून.

कमान जराशी करकरली.
मिस्त्रीनं अंधारात माझा हात दाबला,
नेमका चट्ट्यावर.